‘बाय’ कुठे आणि ‘टिल’ कुठे? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मेलमध्ये मी ‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे’ लिहिलं. साहेबांनी ‘टिल’ काढून ‘बाय’ घातलं. दोन्हींचा अर्थ ‘शुक्रवारपर्यंत’च ना?

उत्तर : मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’ चालतं, म्हणून ही चूक आपल्याकडे हटकून होते. काम एकदाच होऊन संपणारं असेल, म्हणजे पाठवणं, भरणं, पोचणं, तर ‘बाय’. चालू राहणारं असेल, म्हणजे थांबणं, झोपणं, दुकान उघडं असणं, तर ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’. तुमच्या वाक्यावरून शुक्रवार उजाडेपर्यंत तुम्ही रिपोर्ट पाठवतच बसणार, असं वाटतं.

अडलं तर ‘च्या आत’ लावून बघा. ‘सहाच्या आत पोचतो’ बरोबर वाटतं, तिथे ‘बाय सिक्स’. ‘सहाच्या आत ऑफिसात बसलोय’ विचित्र वाटतं, तिथे ‘टिल सिक्स’. ‘बाय फ्रायडे’मध्ये एरवी शुक्रवारही धरतात, पण पैशांचा किंवा निविदेचा मामला असेल तर वाद नको, सरळ ‘बाय 5 पीएम ऑन फ्रायडे’ लिहावं.

खरी गोची नकारात होते. ‘यू वोन्ट गेट द मनी टिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारी पैसे मिळतील, त्याआधी नाही. ‘टिल’च्या जागी ‘बाय’ घातलं की शुक्रवारीही हात रिकामेच, पुढचं काही सांगितलेलं नाही.

प्रश्न : ‘बाय द टाइम यू विल रीच’ यात काय चुकलं?

उत्तर : ‘विल’. ‘बाय द टाइम’नंतर भविष्यातली गोष्टही साध्या वर्तमानकाळात येते : ‘बाय द टाइम यू रीच, आय विल हॅव लेफ्ट.’

प्रश्न : ‘चोराने हातोडीने कुलूप तोडलं.’ दोन्ही ‘ने’ना ‘बाय’ लावायचं का?

उत्तर : नाही. कर्मणी प्रयोगात करणाऱ्याला ‘बाय’, त्याच्या हातातल्या हत्याराला ‘विथ’ : ‘द लॉक वॉज ब्रोकन बाय अ थीफ विथ अ हॅमर.’ ‘बाय हँड’ हा ठरलेला प्रयोग आहे, पण हातामागे काही जोडलं की ‘विथ’ येतं, जसं ‘विथ बोथ हँड्स’.

प्रश्न : ‘बाय बस’ बरोबर, मग ‘बाय माय कार’ का नाही?

उत्तर : ‘बाय’ फक्त प्रवासाचा प्रकार सांगतं, म्हणून वाहनाच्या नावाआधी ‘अ’, ‘द’, ‘माय’ येत नाही. गाडी कुणाची ते सांगायचं तर ‘इन माय कार’. वेळेवरून गाडी ओळखायची असेल तेव्हा मात्र ‘बाय द 8.40 ट्रेन’ चालतं. पायी गेलात तर ‘ऑन फूट’. पैसे देताना ‘बाय चेक’, ‘बाय कार्ड’, पण रोख असेल तर ‘इन कॅश’ म्हणणं चांगलं.

प्रश्न : भाव वाढल्याचं लिहिताना ‘बाय’ की ‘टू’?

उत्तर : फरकाला ‘बाय’, नव्या आकड्याला ‘टू’. दूध 60 रुपयांवरून 64 वर गेलं, तर ते ‘बाय 4 रुपीज’ आणि ‘टू 64 रुपीज’ वाढलं. टक्क्यांत घोळ झाला तर महागात पडतं. पगारवाढ 5 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर नेली असेल तर ‘टू 8 पर्सेंट’; चुकून ‘बाय 8 पर्सेंटेज पॉइंट्स’ लिहिलंत तर कागदावर ती 13 टक्के होते.