पेन्सिलीची फुली

चिरंजीव मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू आरोग्यविम्याची तीन माहितीपत्रके आणि एक प्रस्ताव अर्ज घेऊन आलीस आणि "काका, यातली कोणती घेऊ?" असे विचारलेस. मी धड उत्तर दिले नाही, कारण माझी नजर अर्जावर खिळली होती. बाबांच्या प्रकृतीविषयीचे सगळे रकाने कोरे होते आणि शेवटच्या पानावर, तू सही कुठे करायची ते दाखवायला, एजंटाने पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती. ती फुली पाहिली की अजूनही माझे डोके फिरते.

"महाराष्ट्राचे नियम काय आहेत?" या तुझ्या प्रश्नात दोन गोष्टींची गल्लत आहे. विकत घ्यायच्या पॉलिसीला राज्याचे वेगळे नियम नसतात. विमा नियामक प्राधिकरणाचे जे नियम नाशिकला लागू, तेच पाटण्यालाही. राज्याची आहे ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, आणि तिचा तू विचारच केला नव्हतास. तुमची शिधापत्रिका पांढरी आहे म्हणून आपण त्यात नाही, असे तू गृहीत धरलेस. 1 जुलै 2024 पासून ती योजना सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू झाली असून कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. मात्र उपचार योजनेच्या यादीतला हवा आणि रुग्णालयही योजनेतले हवे. आपल्या भागातल्या अशा रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो. त्याला आत्ताच जाऊन विचार, रात्री दोन वाजता रिक्षातून उतरल्यावर नव्हे. आजींची सत्तरी उलटली आहे, तेव्हा केंद्र सरकारच्या मोफत उपचार योजनेचे आयुष्मान कार्ड त्यांच्या नावाने उत्पन्न न पाहता निघते. आणि अंबडच्या कारखान्यात तुझा पगार 21,000 च्या आत असेल, तर पगारपत्रकावर ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, 0.75 टक्के कपात दिसते का ते पाहा. दिसली, तर तुझ्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही त्याचा लाभ मिळू शकतो. हाताशी काय आहे ते न पाहता बाजारात जाणे मला पटत नाही.

यानंतरही पॉलिसी घ्यावी, असेच माझे मत आहे. पण कागदावर असेल तेच खरे. एजंट तोंडी काय म्हणाला, शेजाऱ्याच्या मेहुण्याचा क्लेम कसा चटकन मिळाला, याला काडीची किंमत नाही.

2016 च्या पावसाळ्यात तुझ्या काकूंची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. पॉलिसी 3 लाखांची होती आणि खोलीभाड्याला दिवसाला एक टक्का, म्हणजे 3,000 रुपये, अशी मर्यादा होती. ती सतराव्या पानावर होती आणि मी ते पान उघडलेच नव्हते. मी 6,000 रुपयांची खोली घेतली. मला वाटले, फार तर वरचे 3,000 आपण भरू. प्रत्यक्षात खोली दुप्पट दराची म्हणून डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह, परिचर्या, सगळ्यांतली निम्मी रक्कम कापली गेली. डिस्चार्जच्या खिडकीसमोर मुलाला फोन करून पैसे मागवावे लागले. तो आजही म्हणतो, "बाबा, साध्या वॉर्डात ठेवायला हवे होते." त्या वॉर्डात दोन खाटांच्या मध्ये तिसरी खाट लावलेली होती, मी तुझ्या काकूंना तिथे ठेवणार नव्हतो आणि आजही ठेवणार नाही. चूक खोली घेण्यात नव्हती, पान न वाचण्यात होती. पुण्याच्या विमा लोकपालांकडे तक्रार का केली नाही, असेही लोक विचारतात. तिथे वकील लागत नाही, शुल्क नाही; कंपनीने 30 दिवसांत दाद दिली नाही किंवा नकार दिला, तर वर्षभरात जाता येते, हे सगळे मला ठाऊक होते. पण कापलेला प्रत्येक रुपया सतराव्या पानावरच्या त्या ओळीत बसत होता. मी कोणत्या तोंडाने जाणार होतो?

आता बाबांच्या मधुमेहाकडे वळतो. "शुगर लिहू नका, हप्ता वाढतो, पाच वर्षांनी कोणी विचारत नाही," असे तुला सांगितले गेले, आणि तू ते मला सांगताना हसलीस. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. 60 महिने पॉलिसी अखंड चालू राहिली, की माहिती दडवली म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, हे खरे. पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळली आहे, आणि जाणूनबुजून कोरा सोडलेला रकाना कोणत्या बाजूला मोडेल याची पैज तू वडिलांच्या जिवावर लावू नयेस. पूर्वीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा कालावधी, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ, आता जास्तीत जास्त 36 महिने आहे; 2024 च्या एप्रिलपूर्वी तो 48 होता. म्हणजे खरे लिहून तीन वर्षे थांबायचे. तीन वर्षे जातात गं. हप्ता जास्त आला तर येऊ दे. तो निदान कागदावर असतो.

पॉलिसी हाती आल्यावरही 30 दिवस असतात. न पटल्यास परत करता येते. ते दिवस वाचण्यासाठी आहेत. आधी पॉलिसीसोबतचे ग्राहक माहितीपत्रक, म्हणजे तिच्या अटींचा गोषवारा, वाच, मग खोलीभाडे, प्रतीक्षा कालावधी आणि वगळलेल्या गोष्टी. एजंटाने तोंडी सांगितलेले प्रत्येक वाक्य त्यात शोध, आणि सापडले नाही तर ते त्याच्याकडून ईमेलवर लिहून माग. असे दोनदा केल्यावर आमच्याकडे येणारा एजंट यायचाच बंद झाला. घरचे मला हेकट म्हणतात, म्हणोत.

येत्या रविवारी ये. शिधापत्रिका, पगारपत्रक, बाबांची तपासण्यांची फाइल आणि तो अर्ज घेऊन ये. पेन्सिलीची फुली आधी खोडून टाक. बाबांनाही आण. आजार त्यांचा आहे. रकान्यांतली उत्तरे त्यांनीच द्यावीत.

तुझे,
काका