बाराच्या पद्धतीत मूळ संख्या: आधी शेवटचा अंक बघा

बाराच्या पद्धतीत दहाऐवजी बाराच्या गटांनी मोजतात, म्हणजे १० लिहिलं की ते बारा. दहासाठी द, अकरासाठी अ घ्या आणि थेट मूळ संख्या मांडायला बसा. नुसते नियम वाचून हात बसत नाही. २ आणि ३ सोडले तर प्रत्येक मूळ संख्येच्या शेवटी १, ५, ७ किंवा अ असतो, कारण इतर अंकांवर संपणाऱ्या संख्येला २ किंवा ३ ने भाग जातो. उलटं मात्र गृहीत धरू नका, नवखे इथेच फसतात. पस्तीस म्हणजे २अ, पण ती ५ गुणिले ७ आहे.

खरी मजा मूळ संख्यांच्या वर्गांत आहे. ५ चा वर्ग २१, ७ चा ४१, अकराचा द१, तेराचा १२१. शेवटी १ आणि त्याच्या डावीकडे सम अंक, २ आणि ३ सोडले तर नेहमीच. वर्गातून १ वजा करा: उरतो तो मूळ संख्येच्या आजूबाजूच्या दोन सम संख्यांचा गुणाकार. त्यांतल्या एकीला ४ ने भाग जातो, एकीला ३ ने. म्हणजे गुणाकार चोवीसच्या पटीत, आणि चोवीस म्हणजे इथे २०. हे एकदा स्वतः कागदावर करा, पाठ करू नका.

अकराने भाग जातो का, हे अंकांच्या बेरजेवरून कळतं, दशमानात ९ चं कळतं तसंच. ५ साठी अशी सोय नाही, सरळ भागाकारच करा.