‘तुमचे हाड लहान आहे’ या वाक्याचे ओझे

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत समुपदेशनासाठी येणाऱ्या अनेक स्त्रियांना कळांपेक्षा वेगळ्याच गोष्टीची धास्ती असते. ‘बाळ माझ्यातून बाहेर पडेल एवढी जागाच माझ्यात नाही’, ही ती धास्ती. जिच्याविषयी येथे लिहीत आहे ती अशीच एक पहिलटकरीण. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तिची उंची 150 सेंमीच्या आसपास होती, बांधा सडपातळ होता आणि सर्व तपासण्या समाधानकारक होत्या. एका तपासणीच्या वेळी कोणीतरी सहज म्हणून गेले, ‘हाड लहान वाटते, बघू या.’ यातले ‘बघू या’ तिच्या कानावर पडलेच नाही. त्यात थोरल्या बहिणीचे सिझेरियन ‘डोके अडकल्यामुळे’ झालेले होते. सोबत आलेल्या तिच्या आईने बसताबसताच विचारले, “मॅडम, त्यापेक्षा आधीच तारीख ठरवून सिझेरियन करून घेतलेले बरे नाही का?”

आईच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी मी मुलीला कागदावर श्रोणीचे, म्हणजे ज्याला ‘हाड’ म्हटले जाते त्या कमरेच्या हाडांच्या घेराचे, चित्र काढायला सांगितले. तिने एक लहान वर्तुळ काढले आणि त्याच्यावर एक मोठे. बहुतेक जणींच्या मनात असेच चित्र असते: हाडाचे एक ठरावीक मापाचे कडे आणि त्यातून जाऊ पाहणारा एक टणक गोळा. या चित्रातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि त्या दुरुस्त झाल्याशिवाय धीराच्या शब्दांचा काही उपयोग होत नाही.

श्रोणी हे एकसंध कडे नाही. दोन्ही बाजूंची नितंबास्थी, मागे त्रिकास्थी (पाठीच्या कण्याच्या तळाचे तिकोनी हाड) आणि तिच्या टोकाला माकडहाड अशा चार हाडांनी ती बनते. त्रिकास्थी दोन्ही बाजूंच्या हाडांना मागे जिथे मिळते तिथे दोन सांधे आहेत, समोर जघनास्थींच्या, म्हणजे नितंबास्थींच्या पुढच्या भागांच्या, मध्ये कूर्चेचा एक सांधा आहे आणि माकडहाडाचा आणखी एक. एरवी हे सांधे जेमतेमच हलतात. गरोदरपणात मात्र संप्रेरकांमुळे त्यांचे बंध सैलावतात आणि समोरच्या सांध्यातील फट काही मिलिमीटरने रुंदावते. शेवटच्या महिन्यांत कूस बदलताना किंवा जिना चढताना ओटीपोटाच्या खाली जी कळ येते, तिचे एक कारण हेच. बाळ बाहेर येत असताना माकडहाडही मागे सरकते.

शिवाय हा मार्ग वरपासून खालपर्यंत एकाच आकाराचा नसतो, आणि माझ्या मते समजून घेण्यासारखी खरी गंमत येथेच आहे. सर्वसाधारण श्रोणीचे वरचे तोंड आडवे रुंद असते: आडवे माप सुमारे 13 सेंमी, तर पुढून मागे सुमारे 11 सेंमी. मधल्या भागात दोन्ही बाजूंनी हाडाची दोन टोके आत डोकावतात आणि त्यांच्यामधले अंतर साधारण 10 ते 10.5 सेंमी, म्हणजे मार्गातले सर्वांत कमी, असते. खालच्या तोंडाशी मात्र पुढून मागे जाणारे माप मोठे होते. म्हणून बाळ सहसा आईच्या डाव्या किंवा उजव्या बाजूकडे तोंड करून वरच्या तोंडातून आत शिरते, खाली सरकताना श्रोणीच्या तळाच्या स्नायूंच्या आधाराने वळते आणि आईच्या पाठीकडे तोंड करून बाहेर येते.

डोक्याचेही एकच माप नसते. अंगात घट्ट गळ्याचा स्वेटर घालताना आपण हनुवटी छातीकडे घेतो, तसे बाळाने केले तर डोक्याचा पुढे येणारा व्यास सुमारे 9.5 सेंमी असतो. मान सरळ राहिली तर तोच सुमारे 11.5 सेंमी होतो. म्हणजे तेच बाळ आणि तीच आई असताना केवळ मान वाकण्या-न वाकण्याने दोन सेंटिमीटरचा फरक पडतो. त्यातच कवटीची हाडे अजून जुळलेली नसतात. कळांच्या दाबाखाली ती एकमेकींवर किंचित सरकतात. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे डोके लांबट दिसते ते त्यामुळे, आणि काही दिवसांत ते पूर्ववत होते. टाळू मऊ असण्यामागचे एक प्रयोजन हेही आहे.

हे सारे ऐकल्यावर तिने स्वतःच्या कमरेकडे बोट दाखवून विचारले, “पण बाहेरून दिसते ते तरी खरे ना?” बाहेरून हाताला लागते ते श्रोणीच्या पसरट पंखांचे काठ, बाळाचा मार्ग त्यांच्या खाली, आत असतो. रुंद कमरेच्या बाईची आतली जागा अरुंद आणि सडपातळ बाईची ऐसपैस असू शकते. उंची फार कमी असेल तर डॉक्टर अधिक लक्ष ठेवतात हे खरे, पण केवळ उंचीवरून निकाल देता येत नाही. 1933 साली कॅल्डवेल आणि मोलॉय या डॉक्टरांनी श्रोणीचे आकारानुसार चार प्रकार सांगितले आणि ते आजही शिकवले जातात, परंतु प्रत्यक्षात असंख्य स्त्रियांची श्रोणी मिश्र आकाराची असते. मी ती नावे समुपदेशनात घेत नाही, कारण ती ऐकली की पुढचे सगळे बोलणे ‘माझा प्रकार कोणता’ याभोवतीच फिरत राहते.

मग आधीच मोजून का घेऊ नये, हा आईचा रास्त प्रश्न होता. क्ष-किरणांनी श्रोणी मोजण्याची पद्धत पूर्वी बरीच वापरात होती. तिच्यामुळे सिझेरियनचे प्रमाण वाढले, पण आई-बाळाचा त्यातून स्पष्ट फायदा दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, निरोगी गर्भवती कळा सुरू होऊन दाखल झाल्यावर तिची श्रोणी हाताने मोजण्याचा प्रघातही शिफारसपात्र नाही. मोजमाप स्थिर हाडाचे होते. सैलावणारे सांधे, वळणारे बाळ, वाकणारी मान आणि कळांचा जोर त्यात धरता येत नाही. डोके आणि श्रोणी यांचा मेळ बसतो की नाही, हे बहुतेक वेळा कळा सुरू झाल्यावरच कळते.

याला अपवाद आहेत आणि ते मी प्रत्येकीला विचारते. श्रोणीचे जुने फ्रॅक्चर, लहानपणी झालेला मुडदूस किंवा पोलिओ, पाठीच्या कण्याचा बाक, जन्मतः असलेला हाडांचा दोष, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांशी आधीच सविस्तर बोलणे आवश्यक असते. तिच्या बाबतीत यांतले काही नव्हते. बहिणीच्या ‘अडकलेल्या’ डोक्याविषयी मात्र कागद पाहिल्याशिवाय बोलणे मी टाळले. बाळाची मान सरळ राहिली होती की त्याची पाठ आईच्या पाठीकडे होती की आणखी काही, हे त्या एका शब्दावरून ठरत नाही.

आईला मी सांगितले की सिझेरियन हा कमीपणा नाही आणि त्याची गरज पडली तर क्षणभरही कचरू नये. पण ते पोटाचे मोठे ऑपरेशन आहे, पुढच्या गरोदरपणावर त्याचे परिणाम होतात आणि एका ओझरत्या वाक्यावरून ते ठरवू नये. मुलीला पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारण्यासाठी प्रश्न लिहून दिले: ‘हाड लहान’ हे कशावरून म्हटले, माझ्या बाबतीत वेगळे असे काही कारण आहे का, आणि कळांमध्ये मला उठून चालता-बसता येईल का. पाठीवर उताणे झोपल्यास त्रिकास्थी आणि माकडहाड यांना मागे सरकायला वाव राहत नाही. उकिडवे बसणे, गुडघे-हातांवर ओणवे होणे किंवा कुशीवर पडणे यांत तो मिळतो. डॉक्टरांकडून उत्तर मिळाले ते इतकेच, की वेगळे कारण काही नाही आणि कळांची वाट पाहण्यास हरकत नाही.

प्रसूतीनंतर ती बाळाला घेऊन आली तेव्हा थोडी खट्टू होती, कारण शेवटी तिचेही सिझेरियनच झाले होते. “म्हणजे हाड लहानच होते ना?” तिने विचारले. आम्ही डिस्चार्ज कार्ड काढून वाचले. पिशवीचे तोंड 7 सेंमी उघडले होते, डोके मधल्या भागातील त्या दोन टोकांच्या पातळीपर्यंत उतरले होते, आणि ऑपरेशनचे कारण बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावणे हे होते. डोके तिथवर पोहोचते तेव्हा त्याचा सर्वांत रुंद भाग सहसा श्रोणीच्या वरच्या तोंडातून पार झालेला असतो. मग जागाच नव्हती असे म्हणायला या नोंदीत काही आधार नाही. ती नोंद मी तिला जपून ठेवायला सांगितली. पुढच्या वेळी नैसर्गिक प्रसूतीचा विचार करताना डॉक्टर आधीच्या सिझेरियनचे कारण पाहतात, आणि ‘प्रगती थांबली’ यापेक्षा ‘ठोके मंदावले’ हे कारण असल्यास यशाची शक्यता अधिक असते. जाताना तिने बहिणीचेही कार्ड शोधून आणण्याचे कबूल केले.