शाळेच्या मुलींचा बास्केटबॉल संघ, १२ आठवड्यांचा सीझन आणि प्रेससमोर निसटणारा चेंडू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १४ ते १७ वयाच्या १२ मुली, हातात १२ आठवडे, पहिल्याच सराव सामन्यात समोरच्यांनी फुल कोर्ट प्रेस (पूर्ण कोर्टभर चिकटून केलेला बचाव) लावला आणि सामना तिथेच गेला. एका मुलीचा गुडघा दुखतोय. आता कोणते सेट प्ले (आधी ठरवलेल्या आक्रमणाच्या चाली) शिकवू? सेट प्लेंचं शेवटी बघू. या वयोगटात बहुतेक सामने सेट प्लेंवर ठरत नाहीत. शॉट घेण्याआधीच चेंडू किती वेळा गेला आणि सीझनच्या शेवटी किती जणींचे पाय शाबूत आहेत, यावर ठरतात.

आधी मोजा. पुढच्या सामन्यात राखीव खेळाडूंपैकी दोघींना कागद द्या. एक टर्नओव्हर, म्हणजे शॉट न घेता गमावलेला चेंडू, लिहील: कुणाचा, कोर्टच्या कुठल्या भागात आणि कसा (पास अडवला, ट्रॅव्हलिंग म्हणजे चेंडू धरून जादा पावलं, ड्रिबल हिसकावला, वेळ संपला). दुसरी शॉट आणि रिबाउंड (शॉट हुकल्यावर पकडलेला चेंडू) लिहील. घेतलेले शॉट, अधिक फ्री थ्रो गुणिले ०.४४, वजा आक्रमणातले रिबाउंड, अधिक टर्नओव्हर, इतकी तुमची पझेशन्स, म्हणजे चेंडू ताब्यात घेऊन केलेली आक्रमणं. समजा ५० शॉट, १४ फ्री थ्रो, १० आक्रमक रिबाउंड आणि २६ टर्नओव्हर झाले, तर पझेशन्स साधारण ७२, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वेळा चेंडू रिंगकडे गेलाच नाही. हा आकडा चौथ्या हिश्श्याच्या खाली आला की निकाल बदलू लागतात. नेमबाजी तीच राहिली तरी.

आता प्रेस. तो मोडायला लागणारी ताकद ड्रिबलमध्ये नसते, पहिल्या दोन पासमध्ये असते. बास्केट पडल्यावर चेंडू आत टाकायला पॉइंट गार्डला (चेंडू पुढे नेणाऱ्या मुख्य खेळाडूला) पाठवू नका, ती कोर्टवर हवी. आत टाकणारी उंच आणि शांत डोक्याची असावी. तिने बोर्डच्या बरोबर मागे उभं राहू नये आणि रेषेपासून पाऊलभर मागे सरकावं. बास्केटनंतर तिला बेसलाइनवर (बास्केटमागच्या शेवटच्या रेषेवर) धावता येतं, हे बऱ्याच मुलींना माहीतच नसतं. बाजूच्या थ्रो-इनला किंवा उल्लंघनानंतर मात्र जागा सोडता येत नाही. आणि ५ सेकंद तिने मनात मोजायला हवेत.

पास घेणारी चेंडूकडे धावत येते, दोन्ही पायांवर एकदम थांबते, चेंडू हनुवटीखाली, कोपर बाहेर. मग पिव्हट करून (एक पाय जागेवर ठेवून वळून) आधी कोर्टच्या मध्यात बघायचं. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात: मुलगी पास मिळताच खाली मान घालून ड्रिबल सुरू करते आणि साइडलाइनच्या कोपऱ्यात शिरते. ट्रॅप, म्हणजे दोन बचावपटूंनी मिळून कोंडणं, तिथेच असतो, बेसलाइनच्या कोपऱ्यात आणि मध्यरेषा ओलांडल्यावर लगेच. चेंडू असलेल्या मुलीला कायम तीन पर्याय दिसले पाहिजेत: एक मागे, एक मध्यात, एक साइडलाइनने पुढे. पाचवी समोरच्या बास्केटजवळ, जेणेकरून त्यांच्या एका बचावपटूला मागे राहावंच लागेल. प्रेस मोडतो तो मध्यातल्या पासने. तो बंद असेल तर मागे द्या आणि दुसऱ्या बाजूने या. ट्रॅपमध्ये सापडल्यावर डोक्यावरून उंच पास नको, तो हवेत फार वेळ राहतो आणि मागची बचावपटू त्याचीच वाट बघत असते. पाऊल दोघींच्या मधून पुढे टाकून, पासची हूल देऊन खालून बाउन्स पास.

सरावासाठी ५ विरुद्ध ७ ठेवा: बचावात सात जणी, आक्रमणाला ड्रिबल बंद, ३ मिनिटं. सुरुवातीला रडारड होते, होऊ द्या. दुसऱ्या आठवड्यात एक ड्रिबल द्या, चौथ्यात ५ विरुद्ध ५ करा. सामन्यात मग पाचच बचावपटू दिसतात आणि कोर्ट मोकळं वाटतं. मध्यरेषा पार करायला फीबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत ८ सेकंद असतात, अमेरिकेतल्या हायस्कूल नियमांत १०. तुमच्या स्पर्धेचं आधी विचारून घ्या आणि सरावात त्यापेक्षा एक सेकंद कमी मोजा. आणखी एक: प्रेस मोडल्यावर थांबू नका. तिथे २ विरुद्ध १ किंवा ३ विरुद्ध २ असतं, ले-अप (धावत जाऊन रिंगजवळून शॉट) घ्या. दर वेळी थांबून सेट लावलात तर प्रेस लावण्याची त्यांना काहीच किंमत मोजावी लागत नाही, आणि ते तो चार क्वार्टर लावतील.

जाता जाता चेंडू तपासा. मुलींसाठी ६ नंबरचा, घेर ७१.५ ते ७३ सेंमी, वजन ५१० ते ५५० ग्रॅम. सरावाच्या चेंडूंच्या जाळीत ७ नंबरचे (पुरुषांचे) मिसळलेले असतात. तो चेंडू ५८० ग्रॅमच्या पुढे जातो, मग मुली खांद्यातून ढकलतात आणि शॉटची पद्धत बिघडते. नंतर सामन्यातला हलका चेंडू बोर्डच्या मागे जातो आणि कोच ‘एकाग्रता नाही’ म्हणून ओरडतो.

गुडघ्याचं हलकं घेऊ नका. बास्केटबॉलमध्ये एसीएल (गुडघ्यातला एक मुख्य अस्थिबंध) फाटण्याचं प्रमाण या वयाच्या मुलींत मुलांच्या किमान दुप्पट आहे, आणि बहुतेक वेळा कुणाचा धक्का न लागता, उडी मारून उतरताना किंवा धावता धावता दिशा बदलताना. म्हणून वॉर्म-अप म्हणजे कोर्टला दोन फेऱ्या नव्हेत. १५ मिनिटं, आठवड्यातून किमान तीनदा: चालत लंजेस, एका पायावर तोल सांभाळत पास, साइड प्लँक, जोडीदाराने घोटे धरून नॉर्डिक हॅमस्ट्रिंग (गुडघ्यांवर बसून शरीर सरळ ठेवत हळूहळू पुढे झुकणं; सुरुवातीला ३ ते ५ वेळाच, नाहीतर दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही), उंच उडी आणि बाजूला उडी. प्रत्येक उतरण्यात बघायचं ते एकच: गुडघे आत वळतात का. ते पायाच्या बोटांच्या रेषेत हवेत, कंबर मागे, आणि पाय आपटल्याचा आवाज नको. थांबताना एक लांब पाऊल नको, तीन छोटी हवीत. नेहमीची चूक अशी की सामने सुरू झाले की वेळ नाही म्हणून हेच आधी कापलं जातं. उपयोग सीझनभर चालू ठेवला तरच होतो.

दुखणाऱ्या मुलीबद्दल: वाटीच्या खाली, उडी मारताना दुखतं आणि विश्रांतीने कमी होतं, तर उड्यांची संख्या निम्मी करून फिजिओला दाखवा. पण ‘कट’ असा आवाज आला, काही तासांत गुडघा सुजला किंवा पाय मधेच सुटतो असं ती म्हणाली, तर डॉक्टरांनी बघेपर्यंत कोर्टवर पाऊल नाही. डोक्याला मार लागून गोंधळल्यासारखं झालं तर त्या दिवशीचा खेळ संपला, ती कितीही ‘मी ठीक आहे’ म्हणाली तरी.

आणखी एक गोष्ट पुरुष कोच टाळतात. एखाद्या मुलीची पाळी सलग तीन महिने आली नाही किंवा ती सारखी थकलेली दिसते, तर ते आळसाचं लक्षण समजू नका. खाणं खेळाला पुरत नसेल किंवा लोह कमी असेल. अशा मुलींच्या हाडांना बारीक तडेही लवकर जातात. संघाबरोबर एक शिक्षिका ठेवा जिच्याशी त्या मोकळेपणाने बोलतील, आणि पालकांमार्फत तपासणी करून घ्या. वजनावरून शेरे कुणीही मारायचे नाहीत.

९० मिनिटांच्या सरावाची विभागणी: १५ वॉर्म-अप, २० पास आणि पिव्हट, १५ बचाव, २० प्रेस आणि फास्ट ब्रेक, १५ दमलेल्या अवस्थेत नेमबाजी, ५ स्ट्रेचिंग. बचावात आधी मॅन टू मॅनच (प्रत्येकीने एकेका खेळाडूला अडवणं) शिकवा, ४ विरुद्ध ४ शेल ड्रिलने, म्हणजे चेंडू फिरेल तशी बचावाची जागा बदलण्याच्या सरावाने. चेंडू एक पास दूर असेल तर आपल्या खेळाडूच्या वाटेत हात, दोन पास दूर असेल तर एक पाय पेंटमध्ये (बास्केटसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात). हलायचं चेंडू हवेत असताना, पोचल्यावर नाही. २-३ झोन (पुढे दोघी, मागे तिघी, प्रत्येकीने आपली जागा राखायची) सोपा वाटतो म्हणून लगेच मोहात पडू नका: त्यात बॉक्स आउट (रिबाउंडसाठी समोरचीला पाठीने अडवणं) कुणी कुणाला करायचं हे ठरलेलं नसतं आणि दुसऱ्या संधीचे गुण जातात.

नेमबाजीत तीनच्या शॉटवर वेळ घालवण्याआधी डाव्या हाताचा ले-अप पूर्ण वेगात पडू द्या. फ्री थ्रो दोन-दोनच्या जोडीने, धावण्याच्या मधे घ्या. सलग २५ मारून सामन्यातला फ्री थ्रो सुधारत नाही. क्वार्टरमध्ये समोरच्यांचा पाचवा टीम फाउल झाला की दोन फ्री थ्रो मिळतात, म्हणून त्यांचे चार होताच बाहेरून शॉट घेण्याऐवजी आत घुसा.

बदली करताना पाचही जणी एकदम बदलू नका. दोन-दोनच्या जोड्या करा, आणि चेंडू हाताळू शकणारी एक तरी कायम कोर्टवर ठेवा. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी जास्त खेळलेल्यांना फक्त शॉट, बाकीच्यांना स्क्रिमेज (आपसातला सराव सामना). सातव्या-आठव्या आठवड्यात पाय जड होतात, तेव्हा सराव ६० मिनिटांवर आणा, वेग तोच ठेवा. शेवटच्या स्पर्धेआधीच्या आठवड्यातही तेच.

आणि सेट प्ले: चार पुरे. मॅन टू मॅनविरुद्ध एक, झोनविरुद्ध एक (चेंडू हाय पोस्टला, म्हणजे फ्री थ्रोच्या रेषेजवळ, तिथून कोपऱ्यात किंवा बास्केटखाली), आणि बास्केटखालच्या थ्रो-इनचे दोन. पाचव्या आठवड्याआधी एकही नको.

पुढच्या दोन सामन्यांचे टर्नओव्हर जागेसकट इथे टाका. बहुतेक मध्यरेषेजवळ असतील तर पुढची अडचण वेगळी आहे, आणि तिथे कुणाला उभं करायचं ते ठरवता येईल.