दर्यावरची पत्रं : पुढच्या डेकवरची तोफ कुठे गेली?

(नौदलातून चीफ आर्टिफिसर, म्हणजे यंत्रं सांभाळणारे वरिष्ठ तंत्रज्ञ, म्हणून निवृत्त झालेले आमचे स्तंभलेखक वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. त्यांची बहुतेक नोकरी बॉयलर रूम आणि इंजिन रूममध्ये झाली.)

प्रश्न : माझा धाकटा भाऊ नौदलात अधिकारी होता. १९९८ साली कॅडेट असताना तो कोचीला 'आयएनएस कृष्णा'वर होता. तेव्हाचा जहाजाचा फोटो आमच्या घरी आहे. हे जहाज 'नीलगिरी'च्याच जातीचं, असं तो सांगायचा. पण 'नीलगिरी'च्या चित्रात पुढे दुनळी तोफ दिसते, ती या फोटोत नाही. मग ही जात एक कशी? (एक वाचक, चिपळूण)

तुमच्या भावाचं म्हणणं बरोबर आहे आणि तुम्ही फोटो बारकाईने पाहिलात, हेही खरं. ती तोफ होती. पण 'कृष्णा' आपल्याकडे आली त्याच्या खूप आधी ती निघाली होती.

हे जहाज मूळचं ब्रिटिश, नाव 'एचएमएस अँड्रोमेडा'. पोर्ट्समथच्या सरकारी गोदीत १९६७ साली ते पाण्यात उतरलं आणि १९६८च्या डिसेंबरात नौदलात दाखल झालं. त्या गोदीने शतकानुशतकं लढाऊ जहाजं बांधली, त्यांतलं हे शेवटचं. जात लिअँडर. त्याच लिअँडरच्या आराखड्यावर मुंबईत माझगाव डॉकने सहा फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराच्या लढाऊ नौका, बांधल्या. त्यांतली पहिली 'नीलगिरी' १९७२च्या जूनमध्ये दाखल झाली, शेवटची 'विंध्यगिरी' १९८१ साली. म्हणजे एक पोर्ट्समथची आणि सहा माझगावच्या, पण घाट एकच.

आता तोफेचं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ब्रिटिशांनी 'अँड्रोमेडा' गोदीत घेतली आणि तिची पुढची ४.५ इंची दुनळी तोफ काढून टाकली. त्या जागी जहाजावर मारा करणारी एक्झोसेट आणि विमानं-क्षेपणास्त्रं पाडणारी सी वुल्फ ही क्षेपणास्त्रं बसवली. याच रूपात ती १९८२च्या ब्रिटन-अर्जेंटिनाच्या फॉकलंड युद्धात दक्षिण अटलांटिकमध्ये होती. त्या ताफ्याची नायिका होती विमानवाहू 'हर्मिस', म्हणजे पुढे आपली झालेली 'विराट'. एकाच लढाईतली दोन जहाजं काही वर्षांच्या अंतराने आपल्या आरमारात आली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

ब्रिटिशांनी 'अँड्रोमेडा' १९९३ साली निवृत्त केली. १९९५ साली ती आपण घेतली आणि त्याच वर्षी 'कृष्णा' म्हणून दाखल केली, तीही लढाईसाठी नव्हे तर प्रशिक्षणासाठी. मोठी क्षेपणास्त्रं तिच्यासोबत आली नाहीत. तोफ आधीच गेलेली, क्षेपणास्त्रंही नाहीत, म्हणून तुमच्या फोटोत पुढचा डेक मोकळा दिसतो. माझगावच्या सहाही जणींनी मात्र ती दुनळी तोफ शेवटपर्यंत मिरवली. एका नजरेत 'कृष्णा' ओळखायची असेल, तर याहून सोपी खूण नाही.

प्रश्न : ब्रिटिशांनी वापरून टाकलेलं सत्तावीस वर्षांचं जहाज आपण का घ्यावं? स्वतः फ्रिगेट बांधणाऱ्या देशाला हे शोभतं का? (एक वाचक, पुणे)

शोभतं. याचं उत्तर मला सविस्तर द्यायचं आहे, कारण हा आक्षेप मी नोकरीत असतानाही ऐकत आलो.

जुनं जहाज घेताना त्याचं वय सगळेच विचारतात. पण आधी विचारायचं ते हे, की त्याची यंत्रं आपल्या माणसांच्या हाताखालून गेलेली आहेत का? अनोळखी जातीचं जहाज स्वस्तात मिळालं तरी महागात पडतं. एखादा व्हॉल्व्ह गेला की सुटा भाग परदेशातून मागवायचा, तो येईपर्यंत जहाज धक्क्याला बांधून ठेवायचं, आणि आला तरी बसवणारा माणूस पहिल्यांदाच ते यंत्र उघडणार. 'कृष्णा'च्या बाबतीत यातलं काही नव्हतं. लिअँडर आपण दोन दशकांहून जास्त काळ चालवत होतो, दुरुस्त करत होतो आणि माझगावला मुळापासून बांधलीही होती. माझगावच्या सहांतल्या 'हिमगिरी'वरून मी 'कृष्णा'वर गेलो तेव्हा काही पाइप वेगळ्या वाटेने गेलेले दिसले, काही यंत्रं नंतरच्या बनावटीची होती. पण खाली शिडी उतरलो की कुठल्या हाताला काय असणार, हे पायांना ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट वाफेची. १९९५ साली आपल्या ताफ्यात सहा लिअँडर होत्या. 'गोदावरी', 'गंगा' आणि 'गोमती' या माझगावच्याच तीन मोठ्या फ्रिगेट होत्या, त्याही वाफेवर चालणाऱ्या. 'विराट' वाफेवर. शिवाय कोलकात्याला 'ब्रह्मपुत्रा' वर्गाच्या तीन फ्रिगेट बांधल्या जात होत्या, त्याही वाफेवरच्याच, आणि त्या पुढे २००० ते २००५च्या दरम्यान दाखल झाल्या. एवढी जहाजं चालवायची तर वाफ कळणारे अधिकारी हवेत. ते पुस्तकातून तयार होत नाहीत.

लिअँडरच्या बॉयलरमधली वाफ दर चौरस इंचाला सुमारे ५५० पौंड दाबाची आणि साडेचारशे अंश सेल्सियसच्या आसपास तापलेली असते. या वाफेची गळती डोळ्यांना दिसत नाही. किटलीच्या तोंडाशी पांढरं दिसतं ते थंड होऊ लागलेल्या वाफेचं पाणी. बॉयलर रूममध्ये फुटलेल्या सांध्यातून फक्त शिट्टीसारखा आवाज येतो, आणि तो नेमका कुठून येतोय हे त्या गोंगाटात कळत नाही. अशा वेळी हात पुढे करायचा नाही, आधी लाकडी दांडा पुढे धरायचा. हे आम्ही प्रत्येक कॅडेटला पहिल्याच दिवशी सांगायचो.

मग त्याच्या हातात टॉर्च आणि वही द्यायची. मेन स्टीम लाइन बॉयलरपासून टर्बाइनपर्यंत, तिथून वाफेचं पुन्हा पाणी करणारा कंडेन्सर, तिथून ते पाणी ढकलणारा फीड पंप आणि परत बॉयलर. पूर्ण वाट रांगत जाऊन हाताने चाचपायची आणि वहीत काढायची, प्रत्येक व्हॉल्व्हसकट. पोरं तेलाने माखून वर यायची. एखादा व्हॉल्व्ह सुटला असेल तर वही परत आणि पोरगाही परत खाली. थंड बॉयलर पेटवून जहाज हलण्याजोगी वाफ तयार व्हायला तासन् तास लागतात. गॅस टर्बाइनचं जहाज काही मिनिटांत तयार होतं. त्या लांबलचक वेळात गेज ग्लासमधल्या, म्हणजे बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेतल्या, पाण्याच्या पातळीवरून नजर हटवायची नाही. पाणी कमी झालं तर नळ्या जळतात, जास्त झालं तर पाणी वाफेबरोबर जाऊन टर्बाइनची पाती खराब करतं. तुमच्या-माझ्या करातून बांधलेल्या नव्या कोऱ्या फ्रिगेटवर असे धडे गिरवायचे, की आयुष्य बरंचसं जगून झालेल्या त्याच जातीच्या जहाजावर? शिवाय लढाऊ फ्रिगेट शाळेत अडकली की ताफ्यात एक कमी होते. 'कृष्णा' आली आणि ताफ्याला हात न लावता शाळा चालली.

२०१२च्या मे महिन्यात ती निवृत्त झाली, म्हणजे आपल्याकडे जवळपास सतरा वर्षं. तिच्यावर वाफ शिकलेले अधिकारी पुढे मोठमोठ्या जहाजांवर गेले. त्यामुळे तिला कुणी ब्रिटिशांचं उष्टं म्हटलं की मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

प्रश्न : 'कृष्णा' हे नाव आमच्या नदीवरून का? (एक वाचक, वाई)

हो, तुमच्या घाटावरून वाहते तीच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या एका स्लूपलाही, म्हणजे लहान लढाऊ जहाजालाही, या नदीचं नाव होतं, 'किस्तना' असं इंग्रजी वळणाचं. त्या वेळच्या सतलज, जमना, गोदावरी या तिच्या बहिणी. नाव नौदलात आलं ते तेव्हाच.

प्रश्न : आपण कधी आपलं वापरलेलं जहाज दुसऱ्या देशाला दिलं आहे का? (एक विद्यार्थिनी, वास्को)

दिलं आहे, आणि अलीकडेच. 'आयएनएस किरपाण' ही कोलकात्यात बांधलेली कॉर्व्हेट १९९१ साली दाखल झाली. फ्रिगेटपेक्षा लहान, पण क्षेपणास्त्रांसह पूर्ण लढाऊ जहाज. २२ जुलै २०२३ रोजी कॅम रान्ह इथे ती व्हिएतनामच्या नौदलाच्या स्वाधीन केली, भेट म्हणून.

तू 'कृष्णा'शी ताडून पाहा. 'कृष्णा' मोठ्या शस्त्रांशिवाय आली, 'किरपाण' शस्त्रांसकट गेली. ती स्वतःच्या इंजिनांवर विशाखापट्टणमहून तिथवर गेली. भंगारात काढायचं जहाज असं पाठवत नाहीत. पण जहाज दिलं म्हणजे ते चालतं राहीलच असं नाही. त्यामुळे या भेटीचं पुढे काय झालं हे पाहायचं असेल तर समारंभाचे फोटो बाजूला ठेव. तिथले तंत्रज्ञ प्रशिक्षणाला इथे येतात का, सुटे भाग इथून वेळेवर जातात का आणि ती समुद्रात किती दिवस असते, त्या बातम्यांवर लक्ष ठेव.