तान्ह्यांच्या खोलीतली नोकरी घ्यावी का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बालवाडी शिक्षिकेचा कोर्स झालाय, पुण्यातल्या एका डेकेअरमधून सहा महिने ते दोन वर्षांच्या गटासाठी बोलावणं आलंय आणि घरचे म्हणताहेत, 'एवढं शिकून लोकांच्या पोरांची शी-शू काढणार?' नर्सरीत जागा निघेपर्यंत थांबावं का, असं विचारलं आहेस. मी याच वयाच्या मुलांमध्ये १९ वर्षं काम करते आहे. आधी कोथरूडला एका घरगुती पाळणाघरात, आता एका कंपनीच्या आवारातल्या पाळणाघरात. वयानं बरीच मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

थांबू नकोस. मात्र होकार देण्याआधी दोन गोष्टी विचारून घे, त्या पुढे सांगते. आधी शी-शूचं.

सात-आठ महिन्यांचं मूल दिवसभर आपल्याकडे असलं की पाच-सहा वेळा त्याचा लंगोट बदलावा लागतो. खोलीत आणखी तीन पोरं असतात, कोणी रांगतंय, कोणी रडतंय. एक मोठं माणूस फक्त आपल्याकडे बघतंय, फक्त आपल्याशी बोलतंय, असं त्या बाळाच्या दिवसात कधी घडतं? लंगोट बदलताना, भरवताना आणि निजवताना. आपले तास हेच. मी मागून येऊन कधी उचलत नाही. समोर बसते, नजर मिळाली की हात पुढे करून म्हणते, 'चल, लंगोट बदलू या. उचलू तुला?' आणि थांबते. पहिल्या आठवड्यात काहीच होत नाही. मग एक दिवस ते स्वतःहून हात पुढे करतं. पुढे काही आठवड्यांनी 'पाय वर' म्हटलं की ढुंगण उचलून देतं. तेव्हा त्याला शब्द कळलेला असतो, पुढे काय होणार याचा अंदाज आलेला असतो, आणि आपल्या अंगाला हात लावण्याआधी आपल्याला विचारतात हेही त्यानं टिपलेलं असतं. कोर्सच्या पुस्तकात ही तीन वेगळी प्रकरणं होती ना, इथे ती एका चटईवर भेटतात.

हंगेरीतल्या बालरोगतज्ज्ञ एमी पिक्लर यांनी १९४६ साली बुडापेस्टला आईवडिलांविना वाढणाऱ्या बाळांसाठी संगोपनगृह सुरू केलं. तिथल्या दायांना त्यांनी हेच शिकवलं: घाई करायची नाही, आधी सांगायचं, मग हात लावायचा. मला हे नाव बऱ्याच वर्षांनी एका प्रशिक्षणात कळलं. पण कोथरूडच्या पाळणाघरातल्या मावशी, सातवीपर्यंत शिकलेल्या, हे रोज करत होत्या. बाळाला पायांवर घेऊन तेल लावणाऱ्या आपल्याकडच्या बायका कशा अखंड बोलत असतात, 'आता हात, आता पाठ, झालं हं माझ्या राजा', अगदी तसं. मी शिकले ती त्यांच्या शेजारी बसून.

आता विचारायच्या दोन गोष्टी. पहिली: एका बाईकडे किती मुलं? वर्षाच्या आतली चारपेक्षा जास्त सांगितली तर दोनदा विचार कर. आग लागली, भूकंप झाला तर तू किती बाळं उचलून बाहेर नेऊ शकशील, एवढाच हिशेब मनात धर. दुसरी, माझ्या मते जास्त महत्त्वाची: मुलं त्याच बाईकडे राहतात की दर महिन्याला बायका फिरवतात? मधे मी आणखी एका ठिकाणी असताना 'सगळ्यांना सगळं काम यायला हवं' म्हणून दर महिन्याला खोल्या बदलायचे. दहा महिन्यांची एक मुलगी माझ्या हातून मऊ भात छान खायची. मी वरच्या मजल्यावर गेले आणि तिनं दुपारचं जेवण जवळजवळ सोडलं. ताप नव्हता, दात येत नव्हते. तिला दुसऱ्या बाईची ओळख व्हायला सवड दिली नव्हती, एवढंच झालं होतं. मी खूप भांडले, पण पद्धत काही बदलली नाही. शेवटी ती जागा मी सोडली आणि त्याचं वाईट वाटत नाही.

या वयाला ओळखीची एकच बाई का एवढी लागते ते बघ. २०१७ च्या कायद्यातल्या बदलानंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. म्हणजे रजा संपून बाळ आपल्या दारात येतं ते बहुतेक वेळा सहा महिन्यांच्या आसपासचं. पुढच्या दोन-तीन महिन्यांत त्याला ओळखीचा आणि परका चेहरा ठळक वेगळा कळायला लागतो, आणि वरचं अन्नही त्याच सुमारास सुरू झालेलं असतं. सगळं एकदम येतं. म्हणून पहिला आठवडा आईला खोलीत बसू दे. जाताना तिनं लपून सटकायचं नाही, मूल कितीही रडलं तरी 'टाटा' करूनच जायचं. लपून गेलेली आई कधीही नाहीशी होऊ शकते, म्हणून मूल मग दिवसभर दाराकडे डोळे लावून बसतं. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटता यावं, हेही कायद्यातच आहे. 'आई येऊन गेली की पुन्हा रडतं, येऊच नका' असं सांगणाऱ्या बायका तुला भेटतील. तू आईच्या बाजूनं उभी राहा.

घरच्यांना काय सांगायचं? बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडकांचं नाव सांग. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला काम केलं, तेव्हा विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवली. पाळणाघर हा त्यांना शिक्षणाचाच भाग वाटत होता. आता सरकारनंही २०२४ मध्ये जन्म ते तीन वर्षांसाठी 'नवचेतना' नावाचा आराखडा काढलाय, अंगणवाडी सेविकांना डोळ्यांसमोर ठेवून.

वर्षाच्या पुढची मुलं निराळीच. ती चावतात. सोळा-सतरा महिन्यांच्या पोराला 'ते माझं आहे' म्हणायला शब्द नसतात, दात असतात. ज्याला चावा बसला त्याच्या आईला चावणाऱ्या मुलाचं नाव सांगू नकोस, मात्र प्रत्येक चाव्याची वेळ वहीत लिही. आमच्याकडे एक मुलगा आठवडाभर रोज कोणाला तरी चावत होता. वही उघडली तर सगळे चावे साडेअकरा ते बारामधले, जेवणाच्या आधीचे. त्याचं ताट वीस मिनिटं अलीकडे आणलं आणि चावणं जवळजवळ थांबलं. खेळणी एकेक महाग ठेवण्यापेक्षा एकसारखी चार-पाच ठेव. स्टीलच्या वाट्या, झाकणाचे डबे, लाकडी पळ्या. 'वाटून घे' हे त्या वयाला कळत नाही.

भाषेचं एक सांगते, कारण हिंजवडी-बाणेरच्या बाजूला तुला हे लागेलच. निम्म्या घरांत मराठी नसते. पहिल्याच दिवशी आईकडून पाच शब्द लिहून घे: पाणी, दूध, झोप, दुखतंय आणि आजीला काय म्हणतात ते. तेलुगू घरातलं मूल 'नीळ्ळु' म्हणत पाणी मागत असतं आणि आपण त्याला खुळखुळा देत बसतो. बंगाली बाळाला 'घूम' म्हटलं की त्याचे खांदे सैल पडतात, मी पाहिलंय. आपलं मंमं, भूर, गाईगाई ते महिन्याभरात उचलतंच.

आज्यांशी वाद होतील. राईची उशी, वॉकर, मधाचं बोट. वर्षाच्या आत मध नको, त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे लहान बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. झोपवायचं पाठीवर, सपाट घट्ट गादीवर, उशीशिवाय. आईची ओढणी वासासाठी जागेपणी दे, झोपताना पाळण्यातून काढून घे. वॉकर कॅनडानं २००४ पासून बंदच केलाय. आणि 'शेजारचं अकराव्या महिन्यात चाललं' असं कोणी म्हटलं तर जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे सांग: निरोगी मुलं आधाराशिवाय चालू लागतात ती साधारण ८ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान कधीही, आणि काही तर रांगतच नाहीत. हे शांतपणे, आजीला खुर्चीवर बसवून सांगायचं. तिनं चार मुलं वाढवलेली असतात.

घशात अडकलं तर काय करायचं, हे रुजू होण्याआधी बाहुलीवर हातानं शिकून घे. वर्षाच्या आतल्या बाळाला डोकं खाली ठेवून पाठीवर पाच थापा, मग छातीवर पाच दाब. वाचून येत नाही.

जड जाणाऱ्या गोष्टीही सांगायला हव्यात. पगार बऱ्याच ठिकाणी नर्सरीपेक्षा कमी असतो, आणि हे मला आजही अन्यायाचं वाटतं. पहिल्या वर्षी प्रत्येक सर्दी-ताप तुला होईल. कंबर धरेल, वाकून उचलू नकोस, गुडघे मोडून बस आणि मग उचल. आणि एक दिवस कोणी तरी तुला 'आई' म्हणेल. जवळ घे, 'मावशी' म्हण, 'आई संध्याकाळी येणारे' म्हण.

सुरुवातीच्या काळात एका आईला मी आनंदानं सांगितलं, 'आज चाललं हो, चार पावलं!' ती हसली, पण तिचा चेहरा पडलेला मी पाहिला. तेव्हापासून पहिलं पाऊल मी जाहीर करत नाही. 'आज सोडून उभं राहायला फार बघतंय, घरी लक्ष ठेवा' एवढंच म्हणते. ते खरंच असतं. दुसऱ्या दिवशी आई धावत येऊन सांगते आणि मी तिचं सगळं ऐकून घेते.

रुजू झालीस तर पहिल्या दिवशी काचेच्या बांगड्या आणि लोंबते कानातले घरी ठेव, नखं काप, केस घट्ट बांध, सुती पंजाबी ड्रेस घाल आणि एक जोड पिशवीत जादा ने. मंगळसूत्र घालत असशील तर आत खोचून ठेव, बाळं पहिला हात त्यालाच घालतात.