आधी न्यूट्रलला क्लॅम्प लाव
रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्सला लागला आहेस, तर एक सवय आत्ताच लाव. ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, की लगेच बाहेरच्या सप्लायवर खापर फोडू नकोस. बिघाड बऱ्याचदा आपल्याच शेडमध्ये असतो. डीओएल स्टार्टरवरची, म्हणजे थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू होणारी, मोठी मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते, व्होल्टेज खाली बसतं आणि शेजारचा कॉन्टॅक्टर (मोटरचा सप्लाय जोडणारा विद्युतचुंबकी स्विच) सुटतो. ट्रिपची वेळ वहीत लिही, त्या क्षणी काय चालू झालं तेही.

हार्मोनिक्स, म्हणजे मूळ ५० हर्ट्झच्या पटीतले जादा करंट, मात्र नीट समजून घे. ऑफिसमधले कॉम्प्युटर, एलईडी दिवे १५० हर्ट्झचा तिसरा हार्मोनिक सोडतात. तिन्ही फेजचा हा करंट न्यूट्रलमध्ये कटत नाही, त्याची बेरीज होते. फेज समतोल दिसतात आणि न्यूट्रल तापलेला असतो! अशी काळी पडलेली न्यूट्रलची लग (वायरच्या टोकाचा जोड) मी पाहिली आहे. ती सुटली असती, तर २३० व्होल्टच्या एखाद्या लाइनवर ३०० च्या वर व्होल्टेज जाऊ शकलं असतं. म्हणून आधी न्यूट्रलला क्लॅम्प मीटर लाव, आणि तो ट्रू आरएमएसच (वेड्यावाकड्या करंटचंही खरं मूल्य दाखवणारा) घे, साधा मीटर इथे कमी रीडिंग दाखवतो.

आणि पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली खरी कामी येणारी किती, ते प्रमाण) सुधारण्यासाठी कपॅसिटर वाढवायचे असतील, तर आधी मला फोन कर. ड्राइव्ह जास्त असले की रेझोनन्स होऊन, म्हणजे हार्मोनिक करंट कपॅसिटरमध्ये खूप वाढून, कपॅसिटर फुगतात.